डिझेल की पेट्रोल? आधी फेऱ्यांची वही काढा

पिकअप घ्यायला निघालेला माणूस आमच्या दारात आला की पहिला प्रश्न ठरलेला: "वहिनी, डिझेल घेऊ का पेट्रोल?" मी उलट विचारते, सकाळची पहिली फेरी कुठली? माल काय, किती किलो? परत येताना हौदा भरलेला की रिकामा? आणि दिवसात गाडी किती वेळा बंद-चालू होते? शेवटच्या प्रश्नाला बहुतेकजण अडखळतात. निम्मा निकाल तिथेच लागतो.

कोपरखैरण्याला आमचा छोटासा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. सासरे एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते, दिरांनी पहिला टेम्पो घेतला, आता चार गाड्या आहेत. दोन डिझेल पिकअप, एक सीएनजीवरचा छोटा हत्ती (म्हणजे टाटा एस), एक पेट्रोल. स्टिअरिंगवर मी बसत नाही, वही माझ्याकडे असते. पंपाची पावती, किलोमीटर, काट्याची चिठ्ठी, गॅरेजचं बिल, बँकेचा हप्ता. ड्रायव्हर सांगतो गाडी कशी पळते आणि मेकॅनिक सांगतो कशी बिघडते. गाडीने महिन्याअखेरीस घरात काय आणलं ते वही सांगते, म्हणून वहीतून सुरुवात करू.

आठवडाभर लिहा, मग शोरूमला जा

हातात जुनी गाडी असेल तर तिचा, नसेल तर सध्या ज्याच्या भाड्याच्या टेम्पोने माल पाठवता त्याचा एक आठवडा लिहून काढा. फेरी कुठून कुठे, किलोमीटर, वजन (अंदाज नको, एकदा तरी काट्यावर घाला), आणि इंजिन एकदा चालू झाल्यावर सलग किती वेळ चाललं. हा शेवटचा रकाना कोणी ठेवत नाही. ड्रायव्हरला सांगा, फोनवर वेळ टाकून ठेव. चार दिवस कुरकुर करेल, मग सवय होते.

आमच्या भागातल्या फेऱ्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. एक, लांबची भरलेली फेरी: तळोजा एमआयडीसीतून भिवंडीच्या गोदामांत, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पुण्याकडे, गावाकडून भाजी वाशीला. दोन, मधली: रबाळ्याहून वागळे इस्टेट, तुर्भ्याहून कळवा-मुंब्रा, रोज साठ-सत्तर किलोमीटर, दोन-तीन ठिकाणी उतरवणे. तीन, गल्लीतली: वाशी मार्केटमधून माल उचलून घणसोली-ऐरोलीच्या दुकानांना, पाण्याचे जार, डबे, किराणा. दहा ठिकाणी थांबा, दहा वेळा इंजिन बंद.

पहिल्याला डिझेल आणि तिसऱ्याला पेट्रोल किंवा सीएनजी, इथवर फारसा वाद नाही. भांडण मधल्या प्रकारावर आहे आणि तिथेच पैसा वाचतो किंवा जातो.

ओढ आणि पळ

"डिझेलला दम असतो" म्हणतात ते खरं आहे, पण तो दम कागदावर कुठे बघायचा ते कळलं पाहिजे. टाटा इंट्रा व्ही३० ही दीड लिटरची डिझेल, ताकद साधारण ७० पीएस. मारुतीची सुपर कॅरी १.२ लिटरची पेट्रोल, ताकद ८० च्या घरात. म्हणजे आकाराने लहान असलेल्या पेट्रोल गाडीचे घोडे जास्त! ब्रोशरमधला एवढाच आकडा वाचणारा फसतो. त्याखालचा टॉर्क, म्हणजे ओढीचा आकडा, वाचा. इंट्राचा १४० न्यूटन-मीटर, तोही १८०० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हाताशी येतो. सुपर कॅरीचा १०४, आणि त्यासाठी इंजिन २९०० पर्यंत फिरवावं लागतं. सीएनजीवर तीच गाडी ९५ वर येते. भरलेली गाडी चढावर जागेवरून उचलायची असते तेव्हा हा खालच्या आरपीएमचा आकडा कामाचा. ताकदीचा मोठा आकडा रिकाम्या गाडीला हायवेवर पळायला उपयोगी.

कारण सरळ आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-अठरा पट दाबून इतकी तापवतात की डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. पेट्रोलमध्ये हा दाब दहा-अकरा पटींच्या आसपास थांबवावा लागतो, नाहीतर मिश्रण वेळेआधीच पेटतं. जास्त दाबातून त्याच इंधनाचं जास्त काम निघतं. शिवाय डिझेलच्या एका लिटरमध्येच पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त. आणि पेट्रोलमध्ये गाडी हळू चालवायची म्हणजे हवेची वाट अर्धी बंद करायची, त्या अडवण्यातही इंधन खर्च होतं. डिझेलमध्ये फक्त फवारा कमी करायचा. शीळफाट्याला अर्धा तास इंजिन चालू ठेवून उभं राहिलात तर पेट्रोल गाडी जास्त पिते ती यामुळे.

यातून एक गोष्ट ड्रायव्हरच्या बाबतीत निघते. डिझेलवर हात बसलेला माणूस पेट्रोल गाडी चौथ्यात रेटतो. आमच्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज एका ड्रायव्हरच्या हातात चांगलं आणि दुसऱ्याच्या हातात पडलेलं, वहीत स्वच्छ दिसायचं. दिरांनी शेजारी बसून बघितलं तर भरलेली गाडी वीसच्या स्पीडला वरच्या गिअरमध्ये, आणि चढाला क्लच अर्धा दाबून. पेट्रोलला फिरू द्यावं लागतं. गिअर खाली घ्या, क्लच पूर्ण सोडा. गाडी बदलताय तर ड्रायव्हरचा पायही बदलावा लागेल, तो खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो.

घाटाबद्दल एक सांगते, कारण "घाट आहे म्हणून डिझेल" हे वाक्य मी रोज ऐकते. माझं माहेर ओतूरचं. भाऊ रात्री भाजी भरून माळशेज उतरतो, मुरबाड-कल्याण करत पहाटे वाशीला. आता बघा, भरलेली गाडी तर घाट उतरते! चढते ती रिकामी. मग त्याला डिझेल कशाला? कारण घाटाचं नाही, सव्वाशे किलोमीटरच्या सलग फेरीचं आहे. इंजिन तापून घंटोनघंटे एका लयीत चालतं आणि किलोमीटर भराभर साचतात. परतीला खत किंवा पत्रे मिळाले तर चढाचाही प्रश्न येतो, ते वेगळं. तुमच्या फेरीत चढ कुठल्या दिशेला आहे आणि तेव्हा हौद्यात काय आहे, एवढं आधी तपासा. मुंब्रा बायपास, गायमुख घाट, महापे-शीळ रस्ता, सगळ्यांना हेच लागू. उतारावर भरलेली गाडी धरून ठेवायची तर दोन्ही इंधनांत खालचा गिअरच लागतो, नुसत्या ब्रेकवर कोणीच उतरू नये.

आकडे मांडूया

ही आकडेमोड मी कोणालाही पाठकोऱ्या कागदावर करून देते. भाव बदलतात, म्हणून उदाहरणाला पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९० आणि सीएनजी ८० रुपये किलो धरते. तुम्ही आजच्या पावतीवरचा आकडा घाला. टनभर वजन उचलणाऱ्या गाडीला भरलेल्या अवस्थेत डिझेलचं ॲव्हरेज १६, पेट्रोलचं १२, सीएनजीचं किलोला १७ धरू. कंपनीचा आकडा कधीच धरू नका.

डिझेल: ९० भागिले १६, किलोमीटरला ५ रुपये ६३ पैसे. पेट्रोल: १०४ भागिले १२, ८ रुपये ६७ पैसे. सीएनजी: ८० भागिले १७, ४ रुपये ७१ पैसे.

डिझेल आणि पेट्रोलमध्ये किलोमीटरला तीन रुपयांचा फरक. पण डिझेलची सर्व्हिस महाग, तेल जास्त, फिल्टर जास्त, त्याचे पन्नास पैसे काढा. उरले अडीच रुपये. आता डिझेल गाडी नव्वद हजारांनी महाग आहे असं समजा. ते नव्वद हजार कर्जातलेच असणार. दहा टक्क्यांनी चार वर्षं म्हटलं की त्यावरच साडेएकोणीस हजारांच्या आसपास व्याज चढतं. म्हणजे खरा फरक एक लाख दहा हजारांजवळ. भागिले अडीच, ४४ हजार किलोमीटर. त्यानंतर डिझेल कमवायला लागतं.

रोज १२० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस चालणाऱ्याला हा टप्पा चौदा महिन्यांत येतो. घ्या डिझेल, विचार करू नका. रोज चाळीस किलोमीटर चालणाऱ्याला साडेतीन वर्षं लागतात, तोवर कर्ज फिटत आलं, वॉरंटी संपली, आणि डिझेलचे मोठे खर्च नेमके तेव्हा दार वाजवतात.

पूर्वी हा हिशेब करावाच लागत नसे. डिझेलचे भाव सरकारच्या हातात होते तेव्हा, २०१२ च्या सुमारास, लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास फरक असायचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल बाजारभावावर सोडलं आणि दरी आटत गेली. सासऱ्यांच्या पिढीचं "मालगाडी म्हणजे डिझेलच" हे त्या जुन्या दरीवर उभं होतं. त्यांच्यासाठी बरोबर होतं, आज नुसतं ऐकून चालणार नाही. आपल्याकडचा एक बदल डिझेलच्या बाजूनेही झालाय. मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या पालिका हद्दीत डिझेलवर राज्यातल्या इतर भागांपेक्षा जास्त व्हॅट होता, तो जुलै २०२४ पासून २४ वरून २१ टक्क्यांवर आणला. हद्दीबाहेर जाऊन टाकी भरण्यात आता अर्थ उरला नाही.

पेट्रोलमध्ये हल्ली वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी ऊर्जा, तेव्हा ॲव्हरेज थोडं घसरणारच. जुन्या पेट्रोल गाडीचं पूर्वीचं ॲव्हरेज आठवून हिशेब करू नका. इथेनॉल पाणीही ओढतं, पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा.

ॲव्हरेज काढायची पद्धत एकच खरी: टाकी पहिल्या कट-ऑफपर्यंत (पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत) फुल, किलोमीटर लिहा, पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच फुल, भागाकार करा. पाचशेचं-हजाराचं डिझेल टाकणाऱ्यांना ॲव्हरेज कधीच कळत नाही. आणि ज्यांना डिझेल 'कमी भरतं' त्यांनी पंपाला दोष देण्याआधी हेही बघावं की गाडी रात्री कुठे उभी असते. टाकीतून नळी लावून डिझेल काढणं आपल्याकडे काही नवीन नाही. सीएनजीचा एक फायदा कोणी ब्रोशरमध्ये छापत नाही, तो म्हणजे गॅस बाटलीत भरून कोणी घरी नेत नाही.

डीपीएफ: दिवा लागला तर काय

१ एप्रिल २०२० पासून बीएस६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आलं आणि डिझेल गाडीचा स्वभावच बदलला. मारुतीने त्याच वेळी डिझेल इंजिनंच बंद केली, सुपर कॅरीचं ७९३ सीसीचं डिझेल त्यातच गेलं. ज्यांनी चालू ठेवलं त्यांच्या सायलेन्सरच्या रस्त्यात आता काजळी पकडणारा फिल्टर बसतो, तो डीपीएफ. काजळी साठत जाते आणि ठरावीक पातळीला गेली की गाडी स्वतःच ती जाळते. त्यासाठी धुराची वाट साधारण सहाशे अंशांपर्यंत तापवावी लागते, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर थोडं डिझेल जास्त सोडतो. हे काम पूर्ण व्हायला इंजिन तापलेलं आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं चालती हवी. लांबच्या फेरीत ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही.

गल्लीतल्या फेरीत काय होतं ते बघा. आमच्याच सेक्टरातल्या एका कॅटरिंगवाल्यांनी "मजबूत गाडी" म्हणून दीड टनी डिझेल पिकअप घेतली. माल काय, तर डब्यांचे क्रेट. फेरी काय, तर इथून महापे, चार-पाच किलोमीटर, मधे सिग्नल. इंजिन तापायच्या आत फेरी संपते. गाडी काजळी जाळायला सुरुवात करते तोच ड्रायव्हर चावी फिरवून डबे उतरवायला जातो. पुन्हा चालू, पुन्हा अर्धवट. पिवळा दिवा लागला. ड्रायव्हरने त्यावर चिकटपट्टी लावली नाही एवढंच, बाकी दुर्लक्ष पूर्ण. मग गाडी रेस घेईना. वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर लावून फिल्टर जाळून दिला. काही महिन्यांनी पुन्हा तेच. दरम्यान दिरांनी त्यांना ऑइलची काडी काढून दाखवली. तेल कमी होण्याऐवजी वरच्या खुणेच्या वर चढलेलं, आणि हुंगलं तर डिझेलचा वास. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक खेपेला न जळलेलं डिझेल खाली तेलात उतरत होतं, असं पातळ झालेलं तेल बेअरिंगं खातं. शेवटी त्यांनी गाडी विकून सीएनजी घेतली. गाडीत खोट नव्हती, तिला त्यांचं काम मानवत नव्हतं.

तुमच्याकडे डिझेल आधीच आहे आणि फेऱ्या छोट्या झाल्यात, तर हे करा. आठवड्यातून एकदा पहाटे गाडी सायन-पनवेल हायवेला काढा, वाशीहून कळंबोली आणि परत, एक गिअर खाली ठेवून, इंजिन दोन-अडीच हजारांवर स्थिर. दिवा लागलाच तर त्याच दिवशी, उद्यावर नको. डिझेलचा खर्च होतो, फिल्टर बदलण्याच्या मानाने तो काहीच नाही. तेल टाकताना मॅन्युअलमध्ये लिहिलेलं कमी राखेचंच टाका. काजळी जळते, तेलाची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. नाक्यावरच्या गॅरेजचं स्वस्त डब्बा-तेल इथे सगळ्यात महाग पडतं. आणि कोणी म्हणालं "वहिनी, फिल्टर पोकळ करून देतो, कटकट संपली," तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. ते बेकायदा आहे, फिटनेसला अडकते आणि गाडीची किंमत जाते ती वेगळीच.

धुरातले घातक वायू कमी करणारं युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफ, काही डिझेल गाड्यांना लागतं, काहींना लागत नाही. टाटाची एस गोल्ड प्लस डिझेल एलएनटी पद्धतीची आहे, म्हणजे ते वायू गाडीतल्या सापळ्यातच धरले जातात, तिला लागत नाही. शोरूममध्ये हे स्पष्ट विचारा. लागत असेल तर त्याचा खर्च डिझेलच्या काही टक्केच येतो, पण टाकी रिकामी ठेवली तर गाडी अडून बसते. डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं गेलं तर चावी लावूच नका, टाकी उतरवून साफ करा.

सीएनजीला मधे घेतल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही

ठाणे-नवी मुंबईत पेट्रोल पिकअप घेणारा शेवटी सीएनजीकडेच वळतो, कारण वर बघितलंत, किलोमीटरला जवळपास चार रुपयांचा फरक. मधल्या प्रकारच्या फेऱ्यांना, साठ-सत्तर किलोमीटर आणि टनाच्या आतलं वजन, माझं मत सीएनजीकडे आहे. पण तीन गोष्टी मोजा.

टाक्यांचं वजन गाडीच्या पासिंगमधूनच (कागदावर मंजूर वजनातूनच) जातं, छोट्या गाडीत शंभरेक किलो माल कमी बसतो. भांडी-प्लास्टिक वाहणाऱ्याला फरक नाही, कांद्याच्या दोन गोणी कमी बसणाऱ्याला आहे. दुसरं, रांग. गॅस २०० बारच्या दाबाने भरतात, गर्दीच्या वेळी पंपाचा दाब पडला की टाकी पाऊणच भरते आणि उद्या पुन्हा रांगेत. रांगेतला वेळ वहीत लिहा, तो ड्रायव्हरचा पगार आहे. आमचा छोटा हत्ती रात्री उशिरा भरतो. तिसरं, फक्त गॅसवर विसंबू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुख्य गॅसवाहिनीला धक्का लागला आणि मुंबई-ठाणे-नवी मुंबईचे पंप कोरडे पडले, तेव्हा ज्यांच्या गाडीत पेट्रोलची धड टाकी होती त्यांचीच भाडी झाली. काही सीएनजी मालगाड्यांत पेट्रोलची टाकी जेमतेम पाच लिटरची असते, घेताना लिटर विचारा. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. स्पार्क प्लगही गॅसवर लवकर झिजतात.

इलेक्ट्रिकबद्दल विचारतात. ठरलेला मार्ग आणि रात्री स्वतःच्या आवारात चार्जिंग असेल तर जरूर बघा. कोपरखैरण्यात रस्त्यावर गाडी लावणाऱ्या आमच्यासारख्यांना वायर कुठून टाकायची हाच पहिला प्रश्न.

सेकंड हँड बघताना

जानेवारी २०२५ मध्ये, प्रदूषणावरून उच्च न्यायालयाने कान टोचल्यावर, राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशात फक्त सीएनजी आणि इलेक्ट्रिक गाड्या ठेवता येतील का हे अभ्यासायला सात जणांची समिती नेमली होती. ठाणे आणि आपण सगळे त्या प्रदेशात येतो. नुसत्या समितीने गाडी भंगारात जात नाही, पण विकताना समोरचा व्यापारी हेच कारण पुढे करून भाव पाडतो, हे धरून चाला. जुनी डिझेल घेताना तुम्हीही त्याच कारणावर भाव पाडा.

बीएस६ डिझेल बघायला जाताना जुना रुमाल न्या. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून पुसा. फिल्टर शाबूत असेल तर नळी जवळपास स्वच्छ निघते. रुमाल काळा कुळकुळीत झाला तर फिल्टर फुटलाय किंवा कोणीतरी पोकळ केलाय. मालकाला आधीच सांगा की गाडी सकाळपासून चालू करायची नाही, पहिला स्टार्ट तुमच्यासमोर. चालू असताना ऑइलचं झाकण काढा. भसाभस वाफारा आला तर रिंगा गेल्या. निळा धूर तेलाचा. पेट्रोल-सीएनजीला सिलिंडरच्या चाचणीची तारीख आणि आरसी बुकवर गॅसची नोंद, हे दोन्ही नसेल तर उठा.

पावसात बुडालेली गाडी ओळखायला सीटखालची लोखंडी पट्टी आणि बेल्टचा शेवटचा टोकाचा भाग ओढून बघा, चिखल तिथे राहतो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं तेव्हा "पिकअप उंच आहे" म्हणत घुसणारे दरवर्षी असतात. पाणी इंजिनात शिरलं तर दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये दाबायची जागाच इतकी चिंचोळी की थोडं पाणीही पुरतं. बंद पडली तर पुन्हा चावी मारू नका, ढकलत काढा.

नवी घेत असाल तर कागदाचं एकच सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाडीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, जुन्या कोटेशनवर सही करू नका. दुकान-कारखाना तुमचा आणि जीएसटी नंबर असेल तर गाडीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं का ते सीएला विचारा. डिझेल-पेट्रोल जीएसटीत नाहीच, त्यामुळे इंधनाच्या बिलावर तसं काही मिळत नाही. ज्याचं इंधन महाग त्याची झळ पूर्ण तुम्हालाच.

आणि ट्रायल. रिकाम्या गाडीत शोरूमभोवती चक्कर मारून काहीच कळत नाही, रिकामी तर सगळीच पळतात. डेमो गाडी मागा, हौद्यात तुमच्या रोजच्या वजनाच्या गोणी टाका, आणि तुमच्या मार्गावरचा सगळ्यात वाईट चढ निवडा. मधोमध थांबवा, हँडब्रेक लावा, मग उचला. डिझेल असेल तर क्लच सोडताच अलगद निघायला हवी. पेट्रोल किंवा सीएनजी असेल तर किती रेस द्यावी लागते आणि क्लचचा वास येतो का ते बघा. हे दोनदा करा, एकदा तुम्ही आणि एकदा तुमचा ड्रायव्हर, कारण रोज तोच चालवणार आहे. सेल्समन म्हणेल मीही येतो, तर बसू द्या, तेवढंच सत्तर-ऐंशी किलो आणखी वजन मिळतं.